रिलीज करायचा की थांबायचं?

25 ऑक्टोबर 2022 रोजी ओपनएसएसएल प्रकल्पाने एक छोटी सूचना काढली. 1 नोव्हेंबरला 3.0.7 ही आवृत्ती येईल, तिच्यात एक सुरक्षा-त्रुटी दुरुस्त केलेली असेल आणि ती त्रुटी प्रकल्पाच्या प्रतवारीत सर्वांत वरच्या, ‘क्रिटिकल’ पायरीवरची आहे. त्रुटी नेमकी कोणती, ते त्याच दिवशी कळेल. इंटरनेटवरची देवाणघेवाण तिऱ्हाइताला वाचता येऊ नये म्हणून जे सॉफ्टवेअर लागतं, त्यात ओपनएसएसएलचं नाव फार वरचं. बँकांच्या सर्व्हरपासून घरातल्या वायफाय राउटरपर्यंत ते कुठे ना कुठे आत बसलेलं असतं. नेमक्या त्याच दिवसांत फेडोरा या लिनक्स वितरणाची 37वी आवृत्ती बाहेर पडण्याच्या बेतात होती.

फेडोराच्या मंडळींसमोर पेच उभा राहिला. त्रुटी किती वाईट आहे ते ठाऊक नाही, दुरुस्त आवृत्ती हातात नाही, आणि लोक वाट पाहत आहेत. आहे ते सोडून द्यावं आणि आठवड्याने अपडेट पाठवावं, तर नेमाने अपडेट घेणाऱ्यांचं काही बिघडलं नसतं. पण फेडोराच्या इन्स्टॉलेशनच्या फाइली एकदा प्रसिद्ध झाल्या की बदलल्या जात नाहीत. पुढे कित्येक महिने जो कोणी ती फाइल उतरवून पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करेल, त्याच्या पदरात तीच जुनी त्रुटी पडणार. शेवटी थांबायचं ठरलं. 1 नोव्हेंबर उजाडला, तपशील आले, आणि कळलं की ओपनएसएसएलनेच त्रुटीला एक पायरी खाली उतरवलं आहे. वाटली होती तेवढी ती भयंकर नव्हती. फेडोरा 37 त्यानंतर 15 नोव्हेंबरला बाहेर पडलं.

मग थांबणं वाया गेलं का? तसं म्हणणारे तेव्हाही होते. प्रस्तुत प्रस्तावनाकाराला ते पटत नाही. 25 ऑक्टोबरला जेवढं माहीत होतं, तेवढ्यावर हा निर्णय चोख होता.

पुढच्या पानांचा विषय हाच आहे: सॉफ्टवेअर लोकांच्या हाती द्यायला तयार आहे, हे कोण ठरवतं आणि कशावरून ठरवतं. बाहेरून पाहणाऱ्याला हा निव्वळ तांत्रिक प्रश्न वाटतो. सगळ्या टेस्ट पास झाल्या, बगांची यादी संपली, की रिलीज. पण ती यादी कधीच संपत नाही, हे रिलीजच्या आदल्या रात्री एकदा तरी जागलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. उरलेल्या दोषांपैकी कोणते जाणूनबुजून बरोबर पाठवायचे, त्यांचा त्रास कोणाच्या वाट्याला येणार, आणि अंगाशी आलं तर सोडलेलं परत घेता येईल का, याचा तो सौदा असतो. सौदा म्हटला की त्यात माणसं आली, पैसा आला, वरिष्ठांचा दाब आला आणि जाहीर झालेली तारीखही आली.

डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी 1969च्या सुमारासच बजावून ठेवलं होतं की चाचणीने दोष आहेत हे दाखवता येतं, दोष नाहीत हे दाखवता येत नाही. हे ऐकायला तर्कशास्त्राच्या तासासारखं वाटतं, पण त्याचा प्रत्यय अगदी व्यवहारातला आहे. कोलंबिया या स्पेस शटलचं पहिलं उड्डाण 10 एप्रिल 1981ला ठरलं होतं. त्याच्या सॉफ्टवेअरइतकं काटेकोर तपासलेलं सॉफ्टवेअर त्या काळी क्वचितच कुठे असेल. तरी उड्डाणाला जेमतेम 20 मिनिटं असताना राखीव संगणकाचं चार मुख्य संगणकांशी जुळेना, आणि उड्डाण रद्द करावं लागलं. मागाहून शोध लागला तो असा: संगणक पहिल्यांदा सुरू होतात त्या क्षणीच्या वेळेच्या जुळणीत एक फट राहिली होती आणि ती उघडी पडण्याची शक्यता दर 67 वेळांत एक एवढीच होती. वर्षानुवर्षांच्या तालमींत जी कोणी हेरली नाही, ती नेमकी त्या सकाळी उघडी पडली. संगणक नव्याने सुरू केले, जुळणी झाली, आणि 12 एप्रिलला कोलंबिया उडालं. इथे उड्डाण थांबवणारी यंत्रणा चोख होती, म्हणून ही गोष्ट आज मजेने सांगता येते.

डेबियनची कहाणी तर आणखी खट्याळ आहे. स्वयंसेवकांनी चालवलेलं हे लिनक्स वितरण तारखेला बांधून घेत नाही. तयार होईल तेव्हा येईल, ही त्यांची जुनी रीत. कुठलंही नवं पॅकेज आधी ‘अनस्टेबल’ या शाखेत येतं. तिथे त्याने निकडीप्रमाणे दोन, पाच किंवा दहा दिवस काढायचे, नवा गंभीर बग आणायचा नाही, तरच ते ‘टेस्टिंग’ शाखेत सरकतं. मग एके दिवशी टेस्टिंग गोठवतात, रिलीज अडवणारे बग एकेक करून निपटतात, आणि मगच ‘स्टेबल’ जन्माला येतं. जुलै 2002 मध्ये 3.0 आली. पुढची 3.1, जिचं टोपणनाव सार्ज, ती यायला 6 जून 2005 उजाडावा लागला. जवळजवळ तीन वर्षं. चेष्टा झाली, लोक दुसऱ्या वितरणांकडे वळले, डेबियनच्या घरातही कुरबुर झाली. आणि एवढ्या प्रतीक्षेनंतर, रिलीजपाठोपाठ लगेच कळलं की सीडी-डीव्हीडीवरून नव्याने इन्स्टॉल केलेल्या यंत्रांवर सुरक्षा-अपडेट मागवणारी ओळच बंद पडलेली आहे. ती ओळ अजून ‘टेस्टिंग’च्या पत्त्यावर बोट दाखवत होती, तीही कॉमेंट करून. तीन वर्षं हजारो पॅकेजं तपासली, आणि ‘आता हे स्टेबल झालं’ हे जिथे लिहायचं ती एक ओळ राहून गेली. घाईने सीडीच्या सुधारित प्रती काढाव्या लागल्या. पण ही चूक पकडायची कधी? जी परिस्थिती रिलीज झाल्यावरच अस्तित्वात येते, तिची चाचणी रिलीजच्या आधी पुरती होत नाही.

बगांच्या संख्येवरही फार भरवसा ठेवता येत नाही. फेब्रुवारी 2000 मध्ये विंडोज 2000 बाजारात येण्याच्या तोंडावर मायक्रोसॉफ्टचं एक अंतर्गत टिपण बाहेर फुटलं. त्यात 63,000हून अधिक संभाव्य दोषांचा उल्लेख होता. वर्तमानपत्रांना आयती मेजवानी मिळाली. पण त्या आकड्यात कोड आपोआप तपासणाऱ्या साधनाने नुसत्या शंका घेतलेल्या जागा होत्या, पुढे कधीतरी बघू म्हणून ठेवलेल्या सूचना होत्या आणि खरे बगही होते. तीच विंडोज 2000 पुढे ऑफिसांमध्ये वर्षानुवर्षं चालली आणि तिच्या स्थैर्याची आठवण जुने सिस्टिम ॲडमिन अजून काढतात. उलट बाजूला, यादीत एकच बग उरलेला असतो आणि तो माणसाचा डेटा पुसून टाकत असतो.

म्हणून बग मोजण्यापेक्षा त्यांची वर्गवारी करणं आलं. पुण्यात टेस्टिंगच्या नोकरीसाठी मुलाखत दिलेल्या जवळपास प्रत्येकाला एक प्रश्न झेलावा लागलेला असतो: सिव्हिरिटी (दोषाची गंभीरता) कमी पण प्रायॉरिटी (दुरुस्तीची निकड) जास्त, असा बग सांगा. ठरलेलं उत्तर असतं, मुखपृष्ठावर कंपनीच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं. घोकलेलं उत्तर म्हणून ते हसण्यावारी जातं. पण रिलीजच्या बैठकीतलं निम्मं भांडण यातच असतं. डेव्हलपर म्हणतो, लॉगिन करून चार वेळा मागे-पुढे केलं तरच क्रॅश होतं, कोण करणार असं? टेस्टर म्हणतो, मी केलं ना. मॅनेजरची नजर कॅलेंडरवर असते.

फेडोराने हे भांडण कागदावर आणलं, आणि म्हणून ते जवळून पाहण्यासारखं आहे. बीटासाठी वेगळे आणि अंतिम आवृत्तीसाठी वेगळे असे निकष लिहून ठेवलेले आहेत. ते कोणीही वाचू शकतो. ग्नोम आणि केडीई या दोन डेस्कटॉपांवर ते कसून लावले जातात. डीफॉल्ट इन्स्टॉलेशननंतर मेनूत दिसणारं प्रत्येक ॲप सुरू झालं पाहिजे आणि साधा वापर सोसता आला पाहिजे. पॅनेलचा कुठलाही भाग सुरू होतानाच कोसळता कामा नये. एक निकष तर वाचून हसू येतं: डेस्कटॉपचं चित्र मागच्या दोन आवृत्त्यांहून वेगळं असलं पाहिजे. पण रात्री दोन वाजता समोर तीन संगणक मांडून बसलेल्या टेस्टरला कुठल्या पडद्यावर कुठली आवृत्ती चालू आहे हे एका नजरेत कळावं, यापेक्षा उपयोगी सोय दुसरी कोणती?

पुरेसा पूर्ण झालेला कोणताही अनुवाद इन्स्टॉलरमध्ये नीट दिसला पाहिजे, असंही त्यात एक कलम आहे. मराठी वाचकाला त्याचं मोल वेगळं सांगायला नको. तुटलेली जोडाक्षरं, भलत्याच बाजूला जाऊन बसलेली वेलांटी, रफाराऐवजी पाय मोडलेला र हे सगळं एके काळी लिनक्सवर मराठी वापरणाऱ्यांच्या नशिबी नेमाने यायचं. इंग्रजीत बघणाऱ्याच्या लेखी तेव्हा सॉफ्टवेअर ‘तयार’च असायचं. फेडोरामागे उभ्या असलेल्या रेड हॅटचं मोठं अभियांत्रिकी कार्यालय पुण्यात आहे, लोहित या मुक्त फॉन्टमालेची देखभाल तिथल्या मंडळींनी वर्षानुवर्षं केली, आणि नोव्हेंबर 2011 मध्ये फेडोराची फडकॉन परिषदही पुण्याच्या सीओईपीत भरली होती. भारतीय लिप्यांचा बग हा ‘पुढच्या वेळी बघू’चा बग नाही, हे निकषांच्या यादीत जायला अशी माणसं आत असावी लागतात.

निकष मोडणारा बग सापडला की तो ‘ब्लॉकर’, म्हणजे रिलीज अडवणारा बग, म्हणून कोणीही सुचवू शकतो. त्यावर बैठकीत मतं पडतात. रिलीजच्या आधी गो/नो-गो बैठक होते. तिथे गुणवत्ता तपासणारे, रिलीज बांधणारे आणि अभियांत्रिकीची धोरणं ठरवणारे, तिन्हींचा कौल घेतला जातो आणि सगळं लेखी, उघड्यावर. पण या शिस्तीतही एक पळवाट राखून ठेवलेली आहे, आणि ती फार शहाणपणाची आहे. बैठकीला पाच किंवा त्याहून कमी दिवस उरले असताना ब्लॉकर सुचवला गेला, तर तो निकष मोडत असूनही पुढच्या आवृत्तीवर ढकलता येतो. दुरुस्त करायला अतोनात अवघड असलेल्या बगांसाठीही अशीच सवलत आहे. नियम करणाऱ्यांना माहीत होतं की शोधत राहिलं तर बग सापडतच राहतील.

तारीख आधी की तयारी आधी, हा वाद जुना आहे. डेबियन एका टोकाला. दुसऱ्या टोकाला उबुंटू: दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, नवी आवृत्ती, क्रमांकातच वर्ष आणि महिना. जे काम पुरं होईल ते आत, उरेल ते पुढच्या गाडीला. या पद्धतीचा मोठा फायदा असा की आपलं काम या वेळी राहिलं तर सहाच महिने थांबायचं आहे हे डेव्हलपरला ठाऊक असतं, त्यामुळे अर्धवट काम रेटून आत घुसवायचा मोह कमी होतो. आणि तरी त्याच उबुंटूने 2006 साली तारीख मोडली. एप्रिलची 6.04 होणार होती ती 1 जूनला 6.06 म्हणून आली. कारण हिशेबी होतं: त्या आवृत्तीला डेस्कटॉपवर तीन आणि सर्व्हरवर पाच वर्षं सांभाळायचं वचन दिलेलं होतं. पाच वर्षं ज्याच्या खोड्या निस्तरायच्या, त्याला सहा आठवडे जास्त देणं स्वस्त पडतं.

अर्धवट सोडल्याची किंमत नेटस्केपने मोजली. 1998च्या मार्चअखेरीस तिने आपल्या ब्राउझरचा कोड खुला केला, मग तो बाजूला ठेवून बराचसा नव्याने लिहायला घेतला. दोन वर्षं उलटली, पाचवी आवृत्ती कधी आलीच नाही, बाजार इंटरनेट एक्सप्लोररने गिळत आणला. नोव्हेंबर 2000 मध्ये मोझिला या त्या खुल्या प्रकल्पाच्या कच्च्याच कोडवर नेटस्केप 6 उभी करून बाजारात आणली गेली. संथ, अडखळणारी, मधेच बंद पडणारी. ज्यांनी निष्ठेने वाट पाहिली होती तेच सर्वांत आधी दुखावले. त्याच कोडवर काम करत राहिलेल्या मोझिलाने आपली 1.0 मात्र 5 जून 2002पर्यंत दाबून धरली. कोडचं कूळ एकच, सोडण्याचे क्षण दोन.

सरकारी प्रकल्पात हा सौदा वेगळ्याच वळणाने जातो, कारण तिथे तारीख बहुधा संगणकाशी संबंध नसलेल्या माणसाने आधीच जाहीर केलेली असते. अमेरिकेतलं हेल्थकेअर डॉट गव्ह हे त्याचं सर्वांत तपशीलवार नोंदलेलं उदाहरण. नव्या आरोग्यविमा कायद्याखाली 36 राज्यांतल्या नागरिकांनी तिथे विमा घ्यायचा होता, सुरुवात 1 ऑक्टोबर 2013. त्याच वर्षीच्या वसंत ऋतूत मॅकिन्झीच्या सल्लागारांनी सांगून ठेवलं होतं की सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग चाचणी घ्यायला वेळच राखलेला नाही. कंत्राटदार ढीगभर, प्रत्येकाचा तुकडा त्याच्या त्याच्या ठिकाणी ठीक. सगळे तुकडे जोडून घेतलेली भाराची चाचणी उद्घाटनाला काही दिवस उरले असताना झाली, आणि काहीशे लोकांच्या एकत्र लॉगिनलाच यंत्रणा कोलमडली. 27 सप्टेंबरला प्रकल्प चालवणाऱ्या सरकारी संस्थेच्या प्रमुख मॅरिलिन टॅव्हेनर यांनी प्रणाली चालू करायला परवानगी देणाऱ्या टिपणावर सही केली. सुरक्षेची चाचणी अपुरी आहे आणि धोका मोठा आहे, हे त्या टिपणातच लिहिलेलं होतं.

म्हणजे कोणाला माहीत नव्हतं असं नाही. कागदावर सगळं होतं. पहिल्या दिवशी लाखो लोक आले आणि विम्याची नोंदणी पुरी झाली सहा जणांची.

त्यात एक छोटी, आतली गोष्ट फार बोलकी आहे. विम्याच्या योजना आणि त्यांचे दर नुसते पाहायचे असले तरी आधी खातं उघडा, अशी अट शेवटी शेवटी घातली गेली. त्यामुळे सहज डोकावायला आलेला प्रत्येक माणूस सर्वांत अरुंद दारातूनच आत शिरायला लागला. हा बग नव्हता. कोड सांगितल्याप्रमाणेच वागत होता. बगांची यादी तपासून रिलीज ठरवणाऱ्याला असला दोष कधीच दिसत नाही. पुढचे दोन महिने बाहेरून अभियंते आणून, रोज दोनदा बैठका घेऊन दुरुस्ती झाली आणि डिसेंबरपर्यंत यंत्रणा एकाच वेळी 50,000 लोकांना पेलू लागली. थोडक्यात, सॉफ्टवेअर तयार झालं ते रिलीजनंतर दोन महिन्यांनी, जनतेच्या साक्षीने.

भारतीय वाचकाला यासाठी अमेरिकेत जायची गरज नाही. 7 जून 2021 रोजी आयकर विवरणपत्रं भरण्याचं नवं पोर्टल सुरू झालं. इन्फोसिसने बांधलेलं. पहिल्याच दिवसापासून तक्रारींचा पाऊस. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जाहीरपणे कंपनीला सुनावलं, जूनमध्ये बैठक झाली, ऑगस्टमध्ये पोर्टल सलग बंद राहिल्यावर मुख्य कार्यकारी अधिकारी सलील पारेख यांना बोलावून खुलासा मागितला गेला आणि 15 सप्टेंबरपर्यंतची मुदत दिली गेली. विवरणपत्रांची 31 जुलैची मुदत वाढत वाढत 31 डिसेंबरवर गेली. त्या उन्हाळा-पावसाळ्यात चार्टर्ड अकाउंटंटच्या ऑफिसांत ओटीपीची वाट पाहत पहाटे लॉगिन करणारी आर्टिकलशिपची मुलं हे नेहमीचं दृश्य होतं, कारण पहाटे गर्दी कमी.

टीका बहुतेक बगांवर झाली. खरा चुकलेला निर्णय दुसराच असावा. जुनं पोर्टल 1 ते 6 जून बंद ठेवून सगळा कारभार एकदम नव्यावर हलवला गेला, तोही हंगामाच्या तोंडावर. दोन्ही पोर्टलं काही महिने शेजारी शेजारी चालवणं खर्चाचं आणि किचकट असतं, हे खरं; पण परतीची वाट मोडून टाकल्यावर ‘तयार आहे’ या शब्दांची जबाबदारी कैक पटींनी वाढते. त्या मानाने त्याच वर्षी जानेवारीत को-विन या कोविड-लसीकरणाच्या प्रणालीच्या वेळी निदान रंगीत तालीम झाली होती. 2 जानेवारीला महाराष्ट्रात पुणे, नागपूर, जालना आणि नंदुरबार इथे. तरी 16 जानेवारीला प्रत्यक्ष लसीकरण सुरू झालं आणि तांत्रिक अडचणींमुळे राज्याला ते लगेच दोन दिवस थांबवावं लागलं. तालमीत मोजकी केंद्रं आणि मोजकी नावं असतात. पण इथे परिचारिकेच्या हातात कागदाची यादी होती, फोन होता, आणि थांबणं शक्य होतं.

परतीच्या वाटेचा हा मुद्दा गेल्या वीस वर्षांत सॉफ्टवेअरचा धंदाच बदलून गेला. सीडीवर माल जायचा तेव्हा ‘गोल्ड’ झालेली प्रत कारखान्यात गेली की संपलं. म्हणून सही करणाऱ्याचा हात थरथरायचा. वेबवर सगळं आल्यावर सकाळी सोडलेलं दुपारी मागे घेता येऊ लागलं. जीमेल 1 एप्रिल 2004पासून 7 जुलै 2009पर्यंत, म्हणजे पाच वर्षांहून जास्त, नावापुढे ‘बीटा’ मिरवत राहिलं आणि तोवर कोट्यवधी लोक त्यावर आपला सगळा पत्रव्यवहार करत होते. क्रोमने दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती काढायला सुरुवात केली, 2021 मध्ये ते अंतर चारवर आणलं. आधी शंभरातल्या एकाला द्यायचं, आलेख बघायचा, मग पाचांना, मग सगळ्यांना. गूगलच्या अभियंत्यांनी तर बिघाडाचंच अंदाजपत्रक मांडलं. सेवा 99.9 टक्के चालू राहील असं ठरवलं, तर 30 दिवसांत सुमारे 43 मिनिटं बंद पडायची मुभा. ती मुभा वापरून संपली की नवे रिलीज बंद, आधी डागडुजी. रिलीजवाले आणि सेवा सांभाळणारे यांच्यातली रोजची तू-तू मैं-मैं एका आकड्यावर आणून ठेवण्याची ही युक्ती आहे, आणि जिथे वरिष्ठ तो आकडा मानतात तिथे ती चालते.

या सोयीने एक नवी बेफिकिरीही आणली. 19 जुलै 2024, शुक्रवार, भारतीय वेळेनुसार सकाळी 9 वाजून 39 मिनिटं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने जगभरच्या विंडोज संगणकांवर एक छोटी फाइल पाठवली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने 85 लाख संगणक निळा पडदा दाखवून बसले. मुंबई, दिल्ली, हैदराबाद इथल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्यांचे फोटो आजही फिरतात. कंपनीने 78 मिनिटांत फाइल मागे घेतली. पण जो संगणक सुरूच होत नाही, तो दुरुस्त फाइल घेणार कुठून? बहुतेक ठिकाणी माणसाने यंत्रापाशी जाऊन, सेफ मोडमध्ये ते चालू करून, ती फाइल हाताने पुसावी लागली.

नंतरच्या तपासात कळलेलं कारण शिकण्यासारखं आहे. नव्या प्रकारच्या माहितीसाठी 21 रकाने ठरवलेले होते. संगणकावर बसलेला कोड 20च रकाने पुरवत होता. आधीच्या चाचण्यांत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण असल्याने तिकडे कोणी बघतच नव्हतं. त्या दिवशीच्या फाइलने पहिल्यांदा एकविसावा रकाना खरोखर मागितला. तरीही एवढा हाहाकार टळला असता, कारण क्राउडस्ट्राइक आपलं मूळ सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्यानेच देत असे आणि एक-दोन आवृत्त्या मागे राहायची मुभा ग्राहकांना होती. पण ही फाइल ‘सॉफ्टवेअर’ मानली जात नव्हती, ती ‘कंटेंट’ होती. तिला टप्पे नव्हते, ग्राहकाची निवड नव्हती. आपोआप तपासणाऱ्या साधनाने हिरवा दिवा दाखवला की ती एकाच वेळी सगळीकडे. ‘शुक्रवारी रिलीज नको’ हे हिंजवडीतल्या नवशिक्यालाही शिकवलं जातं. इथे आपण रिलीज करतो आहोत असं कोणाला वाटलंच नाही. त्यानंतर कंपनीने या फाइलीही टप्प्याने देण्याची आणि कधी घ्यायच्या ते ग्राहकाला ठरवू देण्याची व्यवस्था आणली.

डेटा, सेटिंग, कंटेंट, मॉडेल अशा नावांनी आज जे काही यंत्रात जातं, ते वागणूक कोडइतकीच बदलतं. आतापर्यंतचे बहुतेक रिलीजचे निकष मात्र कोड डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. पुढच्या प्रकरणांत हा धागा वारंवार येईल, आणि तो फार गुंतलेला आहे हे वाचकाने आधीच धरून चालावं.

दुसरा बदल कायद्याच्या बाजूने येतो आहे. तयार आहे की नाही हा आजवर कंपनीच्या चार भिंतींतला प्रश्न होता. फार तर करारातलं एक कलम. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स ॲक्ट 10 डिसेंबर 2024 रोजी अमलात आला. त्याच्या मुख्य तरतुदी 11 डिसेंबर 2027पासून लागू होतील. हल्लेखोराला वापरता येईल अशी माहीत असलेली त्रुटी ठेवून डिजिटल उत्पादन बाजारात आणता येणार नाही, असं तो सांगतो. हल्लेखोर प्रत्यक्ष वापरत असलेल्या त्रुटी कळवण्याचं बंधन त्याआधीच, 11 सप्टेंबर 2026पासून आहे. युरोपात माल विकणाऱ्या कोणालाही हे लागू, मग तो कोड पुण्यात लिहिला गेला असो की पोर्तुगालमध्ये. रिलीजच्या बैठकीत ‘नोन इश्यूज’ची यादी चाळताना त्यातलं काय पुढे ढकलायचं हे आता टेस्टर आणि मॅनेजर दोघांनीच ठरवून भागणार नाही, वकीलही त्या कॉलवर असेल. शिवाय उत्पादन सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षं सांभाळण्याची जबाबदारी हा कायदा उत्पादकावर टाकतो. तेव्हा त्या बैठकीत आणखी एक प्रश्न विचारला जाणार आहे, आणि त्याचं उत्तर बहुतेक प्रकल्पांकडे आज लेखी नाही: सध्याची टीम दुसऱ्या कामाला लागल्यावर, चौथ्या वर्षी येणाऱ्या पॅचचा रिलीज कोण ठरवणार?